जावक नोंद आणि पोच : वैध ई-मेल ‘जंक’मध्ये जाण्याची कारणमीमांसा व महाविद्यालयीन स्तरावरील उपाययोजना

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवहीला पूर्वापार महत्त्व आहे. पत्रास जावक क्रमांक पडला की पाठविणाऱ्याची जबाबदारी संपली, अशी आपल्या प्रशासनाची धारणा असते. कागदी टपालाच्या काळात ती बऱ्याच अंशी व्यवहार्य होती. कारण कोणते पत्र घरात द्यावे आणि कोणते कोपऱ्यात टाकावे, हे पोस्टमन ठरवीत नसे. ई-मेलच्या बाबतीत मात्र प्रेषक व प्राप्तकर्ता यांच्यामध्ये निर्णय घेणारी एक यंत्रणा उभी असते. ती प्रत्येक पत्राची तपासणी करते, त्यास गुण देते आणि संशयास्पद वाटलेले पत्र ‘जंक’ किंवा ‘स्पॅम’ या नावाच्या कप्प्यात टाकते. प्रेषकास त्याची कोणतीही सूचना मिळत नाही आणि प्राप्तकर्ता त्या कप्प्याकडे सहसा फिरकत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात घडलेला एक प्रसंग प्रस्तुत लेखनास निमित्त झाला. शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटींची पूर्तता सात दिवसांत करावी, असा ई-मेल कार्यालयाने संबंधित विद्यार्थ्यांना पाठविला. मुदत संपल्यावर पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी चौकशीसाठी आली. आपणास काहीच कळविले गेले नाही, असे तिचे म्हणणे होते. लिपिकांनी नोंदवही उघडून जावक क्रमांक व दिनांक दाखविला. तिने भ्रमणध्वनीवर आपले खाते उघडले, तेव्हा ते पत्र स्पॅमच्या कप्प्यात सापडले. दोघेही खरे बोलत होते. त्या वर्षीची शिष्यवृत्ती मात्र तिला मिळाली नाही. शुल्काची रक्कम तिला हप्त्यांनी भरावी लागली. हा दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रस्तुत लेखिकेस जे आढळले, ते सहकारी प्राध्यापकांसमोर सुलभपणे मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. ई-मेलच्या चाळण्या कशा काम करतात आणि वैध पत्रे त्यांत का अडकतात, हे स्पष्ट करणे.
२. प्रेषकाची ओळख सिद्ध करणाऱ्या तांत्रिक व्यवस्थांचा अतांत्रिक भाषेत परिचय करून देणे.
३. महाविद्यालय, विभाग व व्यक्ती या तीन स्तरांवर करावयाचे उपाय सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आज आपण वापरतो त्या ई-मेलच्या वहनाचे मूलभूत नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘एसएमटीपी’ या नावाने शब्दबद्ध केले. त्या वेळी संगणकांचे जाळे विद्यापीठे, संशोधन संस्था आणि काही शासकीय विभाग यांच्यापुरते मर्यादित होते. वापरणारे बहुतांशी एकमेकांच्या ओळखीचे होते. त्यामुळे ‘पत्र पाठविणारा जो पत्ता सांगतो तो खरा’ हे गृहीत धरूनच ही रचना झाली. पाठविणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. आजच्या अनेक अडचणींचे बीज या एका गृहीतकात आहे.

या विश्वासाचा गैरवापर होऊ शकतो, याची चुणूक त्याआधीच मिळाली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीतील गॅरी थर्क यांनी ‘आर्पानेट’वरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाची जाहिरात एकाच वेळी पाठविली. हे अनाहूत जाहिराती ई-मेलचे पहिले उदाहरण मानले जाते. ‘स्पॅम’ हे नाव मुळात डबाबंद मांसाच्या एका अमेरिकी उत्पादनाचे. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूने १९७० मध्ये सादर केलेल्या एका प्रवेशात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात तेच मांस असते आणि त्या शब्दाच्या घोषात इतर सारे संभाषण बुडून जाते. अनावश्यक मजकुराच्या गर्दीत आवश्यक मजकूर बुडणे, या अर्थाने तो शब्द पुढे संगणकविश्वात रूढ झाला. १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ‘यूजनेट’च्या हजारो चर्चागटांत ग्रीन कार्डविषयीची आपली जाहिरात टाकली आणि या प्रश्नाचे व्यापारी रूप जगासमोर आले. त्यानंतर चाळण्या अपरिहार्य ठरल्या.

चाळणीचे कार्य

ई-मेलची चाळणी एकाच कसोटीवर निर्णय देत नाही. परीक्षक ज्याप्रमाणे प्रश्नवार गुण देऊन बेरीज करतो, त्याप्रमाणे ती अनेक बाबी तपासून एकत्रित निष्कर्ष काढते. या बाबी स्थूलमानाने चार गटांत विभागता येतात.

पहिला गट प्रेषकाच्या ओळखीचा. पत्र ज्या संस्थेच्या नावाने आले आहे, त्या संस्थेनेच ते पाठविले आहे काय, याची येथे तपासणी होते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

दुसरा गट प्रेषकाच्या लौकिकाचा. ज्या सर्व्हरवरून पत्र निघाले त्याचा आयपी पत्ता आणि ज्या डोमेनच्या नावाने ते आले ते डोमेन, यांचा पूर्वेतिहास पाहिला जातो. त्यांच्याकडून आलेली किती पत्रे वाचकांनी स्पॅम म्हणून कळविली, किती पत्ते अस्तित्वात नसल्यामुळे परत आली, पत्रांची संख्या एकाएकी वाढली काय, यांवरून लौकिक ठरतो. एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांची संकेतस्थळे व टपाल ठेवलेले असल्यास शेजाऱ्याच्या दुर्वर्तनाचा फटका आपणासही बसतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

तिसरा गट मजकुराचा. स्टॅनफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी १९९८ मध्ये संभाव्यताशास्त्रातील बेझच्या सिद्धांतावर आधारलेली चाळणी सुचविली. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील निबंधाने या पद्धतीस मोठी प्रसिद्धी दिली. तिचे तत्त्व सोपे आहे. पूर्वी आलेली नको असलेली पत्रे आणि हवी असलेली पत्रे यांचे दोन ढीग करावयाचे. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो, हे मोजावयाचे. आणि नव्या पत्रातील शब्दांवरून ते कोणत्या ढिगास अधिक जवळचे आहे, हे ठरवावयाचे. आजच्या यंत्रणा यापुष्कळ पुढे गेल्या असल्या तरी मागील उदाहरणांवरून शिकणे हेच त्यांचेही मूलतत्त्व आहे. येथेच वैध पत्राची अडचण सुरू होते. ‘अत्यंत तातडीचे’, ‘आजच पुढील दुव्यावर क्लिक करा’, ‘अन्यथा आपला अर्ज रद्द होईल’ ही भाषा फसवणूक करणाऱ्यांची आवडती भाषा आहे. दुर्दैवाने ती आपल्या कार्यालयांचीही आहे.

चौथा गट प्राप्तकर्त्याच्या वर्तनाचा. वाचक या प्रेषकाची पत्रे उघडतो काय, त्यांस उत्तर देतो काय, की न वाचताच काढून टाकतो, याचीही नोंद घेतली जाते. म्हणूनच एकच परिपत्रक एका विद्यार्थ्याच्या मुख्य पेटीत, तर दुसऱ्याच्या स्पॅममध्ये पोहोचू शकते.

चाळणीच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. नको असलेले पत्र आत येणे ही पहिली आणि हवे असलेले पत्र बाहेर राहणे ही दुसरी. पहिली चूक आपणास दिसते व तिचा त्रास क्षणभराचा असतो. दुसरी चूक दिसतच नाही. म्हणून ती अधिक गंभीर आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा प्रकार येथे घडतो आणि संन्याशाची हाकही ऐकू येत नाही. उदाहरणादाखल असे समजू की, दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने वर्षभरात प्रत्येकास दहा ई-मेल पाठविले. हजारात केवळ एक पत्र चुकीने अडकते असे मानले, तरी वीस हजारांपैकी वीस पत्रे न वाचली जाण्याची शक्यता उरते. त्यांपैकी एखादे शिष्यवृत्तीचे, एखादे परीक्षा अर्जाचे असू शकते.

ओळखीची तीन साधने

ई-मेलला कागदी पत्राप्रमाणेच पाकीट आणि आतील पत्र असे दोन भाग असतात. पाकिटावर एक प्रेषक-पत्ता असतो. तो सर्व्हर वाचतात. आतील पत्राच्या शीर्षभागी दुसरा प्रेषक-पत्ता असतो. तो वाचकास दिसतो. या दोहोंत मेळ असलाच पाहिजे, असे मूळ नियम सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी तीन व्यवस्था टप्प्याटप्प्याने विकसित झाल्या. तिन्हींच्या नोंदी संस्थेच्या डोमेनच्या ‘डीएनएस’मध्ये, म्हणजे त्या डोमेनविषयीची माहिती जगास देणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत, कराव्या लागतात.

पहिली व्यवस्था ‘एसपीएफ’. आमच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी संस्था जाहीर करते. पत्र स्वीकारणारा सर्व्हर पाकिटावरील डोमेन पाहून ही यादी तपासतो. तिचे तपशील २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्यांस सुधारित रूप मिळाले. महाविद्यालयांकडून येथे दोन चुका संभवतात. प्रवेश किंवा शुल्कभरणा यांसाठी बाहेरील सेवा घेतली जाते, ती महाविद्यालयाच्या नावाने पत्रे पाठविते. पण तिचा सर्व्हर यादीत घालण्याचे राहून जाते. दुसरी चूक म्हणजे एकाच डोमेनसाठी अशा दोन स्वतंत्र नोंदी करणे. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद असावी लागते; दोन आढळल्यास तपासणी त्रुटी दाखविते. तसेच ती तपासताना दहांहून अधिक वेळा अन्य डीएनएस नोंदींकडे जावे लागू नये, अशीही मर्यादा आहे.

दुसरी व्यवस्था ‘डीकेआयएम’. हिची तुलना लाखेच्या मोहरेशी करता येईल. पत्र पाठविणारा सर्व्हर गुप्त किल्लीच्या साहाय्याने पत्रावर अंकीय स्वाक्षरी उमटवितो; तिच्याशी जुळणारी सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. स्वाक्षरी जुळली, तर पत्र त्या डोमेनच्या नावे निघाले आहे आणि स्वाक्षरीखालील मजकूर वाटेत बदललेला नाही, असे सिद्ध होते. याहू व सिस्को यांच्या स्वतंत्र प्रयत्नांच्या संयोगातून ही पद्धत आकारास आली आणि २००७ मध्ये तिचे तपशील प्रसिद्ध झाले. अनेक प्राध्यापक महाविद्यालयाच्या खात्यावरील पत्रे आपोआप खाजगी खात्याकडे वळवून घेतात. अशा पुनःप्रेषणात एसपीएफची तपासणी बहुधा फसते, कारण मधला सर्व्हर यादीत नसतो. मजकूर न बदलल्यास डीकेआयएमची मोहर मात्र शाबूत राहते. म्हणून यांपैकी एकावर विसंबणे पुरेसे नाही.

तिसरी व्यवस्था ‘डीमार्क’. ती २०१२ मध्ये जाहीर झाली आणि २०१५ मध्ये तिचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. वाचकास दिसणारे डोमेन आणि वरील दोन तपासण्यांपैकी निदान एकीत उत्तीर्ण झालेले डोमेन यांत मेळ आहे काय, हे ती पाहते. मेळ नसल्यास पत्राचे काय करावे, याची सूचनाही संस्था देऊ शकते: केवळ निरीक्षण करावे, संशयित म्हणून वेगळे ठेवावे, किंवा नाकारावे. शिवाय आपल्या नावाने जगात कोठून पत्रे निघत आहेत, याचे अहवालही तिच्यामुळे मिळतात. आरंभ निरीक्षणाने करावा, अहवाल पाहून आपले सर्व वैध सर्व्हर व्यवस्थित जोडले गेल्याची खात्री करावी आणि मगच कडक धोरण स्वीकारावे. घाईने नकाराचे धोरण लावल्यास आपलीच पत्रे आपण अडवून बसतो.

नियमांतील अलीकडील बदल

दीर्घकाळ या व्यवस्था ऐच्छिक होत्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी त्या बंधनकारक केल्या. गूगलच्या नियमानुसार वैयक्तिक जीमेल खात्यांकडे पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकाने एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक व्यवस्था केलेली असावी लागते. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तिन्ही व्यवस्था आवश्यक आहेत. प्रचारात्मक पत्रांत एका क्लिकने यादीतून बाहेर पडण्याची सोय देणेही त्यांना बंधनकारक आहे. स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवावे आणि ते ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोहोचू देऊ नये, अशीही अट आहे. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आपल्या आउटलुक, हॉटमेल आदी वैयक्तिक खात्यांसाठी मोठ्या प्रेषकांना असेच नियम लागू केले.

०.३ टक्के म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे निमंत्रण एक हजार जुन्या पत्त्यांवर धाडले आणि त्यांतील वीस जणांनी कंटाळून ‘स्पॅम’चे बटण दाबले, तर हे प्रमाण दोन टक्के होते. त्याची झळ मेळाव्याच्या निमंत्रणापुरती राहत नाही. त्याच डोमेनवरून दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या परीक्षेच्या सूचनेलाही ती लागू शकते.

महाविद्यालयीन व्यवहारातील उणिवा

या पार्श्वभूमीवर आरंभी उल्लेखिलेल्या पत्राकडे पुन्हा पाहता येईल. ते महाविद्यालयाच्या डोमेनवरून गेले नव्हते. विनामूल्य मिळणाऱ्या एका सर्वसाधारण खात्यावरून गेले होते. सर्व विद्यार्थ्यांचे पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात एकत्र टाकले होते. विषयाच्या जागी ‘अत्यंत तातडीचे’ एवढेच शब्द होते. मजकुरात ‘सोबत जोडले आहे’ हे एकच वाक्य, सोबत परिपत्रकाचे छायाचित्र आणि मूळ पत्ता लपविणारा एक संक्षिप्त दुवा होता. यांपैकी कोणत्या एका गोष्टीमुळे ते अडकले, हे सांगता येत नाही. पण अनोळखी माणसाने पाठविलेल्या फसव्या पत्रापासून ते वेगळे ओळखण्यास चाळणीला फारसा आधार आपण दिला नव्हता, हे मान्य करावे लागते.

अशा उणिवा अनेक महाविद्यालयांत आढळू शकतात. विनामूल्य जीमेल खात्यावरून २४ तासांत साधारणतः ५०० जणांनाच पत्र पाठविता येते. मर्यादा ओलांडल्यास खात्यावरून पत्रे पाठविणे तात्पुरते थांबविले जाते. भारतातील शैक्षणिक संस्थांना ‘एसी.इन’ व ‘एड्यू.इन’ ही डोमेने ‘अर्नेट इंडिया’मार्फत मिळतात. असे डोमेन असूनही टपालासाठी ते न वापरणे, हे छापील पत्रशीर्ष कपाटात ठेवून कोऱ्या कागदावर आदेश काढण्यासारखे आहे.

मराठी मजकुराच्या संदर्भात आणखी एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. काही कार्यालयांत अद्याप युनिकोडपूर्व काळातील फॉन्ट वापरले जातात. त्यांतील मजकूर ई-मेलमध्ये जसाच्या तसा चिकटविल्यास रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक मालिका उमटते. ती विद्यार्थ्यास वाचता येत नाही आणि यंत्रालाही तिचा अर्थ लागत नाही. परिपत्रकाचे केवळ छायाचित्र पाठविल्यास दृष्टिबाधित विद्यार्थ्याचे वाचन-साधनही हतबल ठरते. युनिकोडमधील साधा मराठी मजकूर पत्राच्या अंगातच लिहिणे, हा या दोहोंवरचा उपाय आहे.

याचे परिणाम संस्थेलाही भोगावे लागतात. नॅकने २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर येत असे. त्या काळात ‘स्पॅम तपासा’ असे वर्गावर्गांत जाऊन सांगावे लागल्याचे अनेक सहकाऱ्यांना स्मरत असेल. शोधनिबंधाच्या स्वीकृतीचे पत्र किंवा परीक्षकाची विनंती जंकमध्ये पडून राहिल्याचा अनुभवही आपल्यापैकी काहींना असेल.

उपाययोजना

(अ) महाविद्यालयाच्या स्तरावर

१. सर्व अधिकृत पत्रव्यवहार महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरूनच व्हावा. प्राचार्य, परीक्षा विभाग, शिष्यवृत्ती कक्ष यांचे पत्ते पदनामानुसार निश्चित करावेत व ते प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांना कळवावेत.

२. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही नोंदी करून घ्याव्यात. डोमेन ज्यांच्याकडे आहे ते सेवापुरवठादार आणि ई-मेल सेवा देणारी कंपनी यांच्या साहाय्याने हे काम होऊ शकते. बाहेरील सेवेशी करार करताना ‘महाविद्यालयाच्या नावाने पत्रे पाठविणार काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

३. नोंदी झाल्या की स्वतः परीक्षा घ्यावी. महाविद्यालयाच्या खात्यावरून आपल्या जीमेल खात्यावर पत्र पाठवून ते संगणकावर उघडावे आणि पर्यायांच्या यादीतील ‘शो ओरिजिनल’ निवडावे. तिन्ही व्यवस्थांपुढे ‘पास’ असा शेरा दिसला पाहिजे. या तपासणीस तंत्रज्ञाची गरज नाही.

४. संकेतस्थळावरील संपर्क-अर्ज भरणाऱ्या व्यक्तीचा पत्ता प्रेषक म्हणून वापरत असेल, तर ती पत्रे तपासणीत नापास होण्याची दाट शक्यता असते. प्रेषक म्हणून महाविद्यालयाचा पत्ता ठेवावा आणि अर्जदाराचा पत्ता ‘उत्तर येथे पाठवा’ या रकान्यात घालावा.

५. पत्त्यांची यादी दरवर्षी स्वच्छ करावी. परत आलेली पत्रे दुर्लक्षू नयेत. तो पत्ता त्याच दिवशी दुरुस्त करावा किंवा वगळावा. माजी विद्यार्थ्यांना पत्रे पाठविण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी व यादीतून बाहेर पडण्याचा सोपा मार्ग द्यावा. जो जाऊ शकतो, तो तक्रार करीत नाही.

(आ) विभाग व प्राध्यापकांच्या स्तरावर

१. विषय नेमका लिहावा. ‘अत्यंत तातडीचे’ याऐवजी ‘द्वितीय वर्ष वाणिज्य : शिष्यवृत्ती अर्जातील त्रुटीपूर्तता, अंतिम दिनांक १५ जानेवारी’ असा विषय वाचकास आणि चाळणीस दोघांनाही अर्थपूर्ण ठरतो.

२. मुख्य आशय पत्रातच द्यावा. जोडपत्र आवश्यक असल्यास ते पीडीएफ स्वरूपात असावे; झिप स्वरूपातील किंवा मॅक्रो असलेल्या फाइल टाळाव्यात. संक्षिप्त दुव्याऐवजी संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता द्यावा.

३. पत्राच्या शेवटी नाव, पद, विभाग व कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक द्यावा.

४. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना परिचयाचे एक पत्र पाठवून त्यास उत्तर देण्यास सांगावे. उत्तर दिल्याने त्या प्रेषकाशी संवाद असल्याचे यंत्रणेस कळते आणि कोणाचे पत्र पोहोचले नाही, हे आपणासही समजते.

(इ) प्राप्तकर्त्याच्या स्तरावर

१. आठवड्यातून किमान दोनदा जंक वा स्पॅम कप्पा पाहावा. जीमेलमध्ये तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप कायमची नष्ट होतात. जीमेलमधून पत्रे आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळविली असली, तरी स्पॅममधील पत्रे पुढे जात नाहीत. ज्यांनी महाविद्यालयाचे खाते असे जोडले आहे, त्यांनी मूळ खातेही उघडून पाहावे.

२. वैध पत्र आढळल्यास ते नुसते वाचून सोडू नये. ‘नॉट स्पॅम’ किंवा ‘नॉट जंक’ हा पर्याय निवडावा व प्रेषकाचा पत्ता संपर्कयादीत घालावा. महत्त्वाच्या पत्त्यासाठी ‘कधीही स्पॅममध्ये पाठवू नये’ असा नियम जीमेलमध्ये करता येतो. असा नियम विशिष्ट पत्त्यापुरता किंवा संस्थेच्या डोमेनपुरता असावा. सर्वांना खुल्या असलेल्या विनामूल्य सेवेच्या संपूर्ण डोमेनला अशी सूट देऊ नये.

३. ज्या यादीत आपण स्वतः नाव नोंदविले, तिची पत्रे नकोशी झाल्यास यादीतून बाहेर पडावे. स्पॅमचे बटण दाबू नये. त्या बटणाने एका वैध प्रेषकाचा लौकिक कमी होतो.

४. जंक कप्पा उघडताना सावधगिरी सोडू नये. तेथील बहुसंख्य पत्रे खरोखरच फसवी असतात. पत्र बँकेचे वा विद्यापीठाचे भासले, तरी त्यातील दुवा न उघडता संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे जाऊन किंवा दूरध्वनी करून खात्री करावी.

मर्यादा

वरील सर्व उपाय योजूनही प्रत्येक पत्र मुख्य पेटीत जाईलच, अशी हमी देता येत नाही. ओळख सिद्ध होणे म्हणजे पत्र हवेसे असणे नव्हे. फसवणूक करणारेही स्वतःच्या डोमेनसाठी या तिन्ही व्यवस्था करून घेऊ शकतात. चाळण्यांची सूत्रे कंपन्या पूर्णतः उघड करीत नाहीत आणि ती सतत बदलत असतात. यावरून एक प्रशासकीय तत्त्व निष्पन्न होते. ज्या सूचनेशी विद्यार्थ्याचे आर्थिक वा शैक्षणिक हित निगडित आहे आणि जिला मुदत आहे, ती केवळ ई-मेलच्या भरवशावर सोडू नये. सूचनाफलक, लघुसंदेश, वर्गशिक्षकाकडून तोंडी सूचना यांपैकी निदान एका मार्गाची तिला जोड असावी. आणि मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना दूरध्वनी करावा.

समारोप

चाळणी ही आपली शत्रू नाही. तिच्यावाचून ई-मेल हे साधन केव्हाच निरुपयोगी झाले असते. मात्र ती अनोळखी माणसास दारात उभे करून ओळख विचारते आणि ती ओळख देण्याची जबाबदारी प्रेषकाची आहे. आपल्या महाविद्यालयांनी ती जबाबदारी दीर्घकाळ प्राप्तकर्त्यावर टाकली. ‘विद्यार्थ्याने स्पॅम पाहावयास हवे होते’ असे म्हणून आपण मोकळे झालो. ज्याचे पत्र अडले, त्यास ते अडल्याचेच ठाऊक नसते, हे लक्षात घेतल्यास हा युक्तिवाद टिकत नाही.

आमच्या कार्यालयाने त्या प्रसंगानंतर पदनामानुसार ई-मेल पत्ते सुरू केले, डोमेनच्या नोंदी पूर्ण करून घेतल्या आणि शिष्यवृत्तीच्या जावक नोंदवहीत एक नवा रकाना आखला. त्याचे शीर्षक ‘पोच’ असे आहे. विद्यार्थ्याचे उत्तर आल्यावर किंवा दूरध्वनीवर बोलणे झाल्यावरच तो भरला जातो. या रकान्यास कोणताही खर्च आला नाही. तांत्रिक नोंदींच्या कामास तंत्रज्ञाचा एक दिवस पुरला. ज्या विद्यार्थिनीमुळे हे घडले, तिचे त्या वर्षीचे नुकसान भरून निघाले नाही. परंतु पुढील वर्षीच्या त्रुटीपूर्ततेच्या यादीत ‘पोच’चा एकही रकाना कोरा राहिला नाही. पत्र पाठविले, एवढ्यावर समाधान न मानता ते पोहोचले काय, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःस विचारावा, एवढेच या विवेचनाचे फलित आहे.